आपल्याला काय करायचा तो चंद्र?

दिवाळीची मुख्य रात्र अवसेची. आकाशात चंद्र नसतो, आणि नेमक्या अशा दिवसांत मी चंद्राची कैफियत मांडायला बसलो आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. शेवगावचा एक मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, शिक्षण मॅट्रिकपुरते. मात्र अंतराळातली बातमी आली की माझे ताट तसेच राहते, आणि घरची मंडळी म्हणतात, “निघाली यांची स्वारी वर!”

त्या थट्टेचे मला काही वाटत नाही. राग येतो तो दुसऱ्याच एका बोलण्याचा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी, सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, चांद्रयान-३चे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. शाळेत मुलांसह आम्ही ते पाहिले. टाळ्या थांबतात न थांबतात तोच गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, विहिरींना तळ लागला, कपाशीने माना टाकल्या, आणि तुमचे लोक पाणी शोधायला चंद्रावर! आपल्याला काय करायचा तो चंद्र?”

त्यांचे दुःख खोटे नव्हते. १९०१पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. मोहिमेचा खर्च सुमारे ६१५ कोटी, तोही लहान नव्हे. यावर एक ठरलेले उत्तर आहे: उपग्रहांमुळे हवामान कळते, भूजलाचे नकाशे होतात. ते खरे आहे; पण माझे त्याने समाधान होत नाही. प्रत्येक कुतूहलाने आधी नफ्याची वही दाखवावी, अशी अट आपण मुलांना घालणार असू, तर शाळांच्या जागी दुकाने थाटलेली काय वाईट?

चारच दिवसांनी ‘विक्रम’वरच्या तापमापकाची नोंद जाहीर झाली. चंद्राची वरची माती पन्नास अंशांच्या वर तापलेली, आणि ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली १० अंश! चार बोटांच्या खोलीत साठ अंशांचा फरक. ती भुसभुशीत माती उष्णता आत शिरू देत नाही. वर्गात हे सांगितले, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “गुरुजी, आमच्या रानात चार बोटांखाली किती असेल?”

मला उत्तर येत नव्हते. तापमापक घेऊन भर दुपारी आम्ही तिच्या रानात गेलो. एकदा उघड्या ढेकळांत मोजले, एकदा खोडव्यात, पाचटाखाली. झाकलेल्या मातीत पारा बराच खाली राहिला, आणि बोटांना ओलही लागली. मुलीचा बाप दरवर्षी पाचट पेटवून देणारा. तो बांधावरून पाहत होता, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तापमापक मागायला त्याचा माणूस शाळेत आला.

आता सांगा, तो प्रश्न चंद्राचा की शेवगावचा? ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला प्रश्न न विचारून चालते. दुष्काळी गावाला ती चैन परवडत नाही.

त्या रात्री फटाके वाजवून जे घोरत पडले, त्यांच्याशीही माझे भांडण आहे. अभिमान जरूर असावा; पण चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचा २००९ साली जाहीर झालेला पुरावा चांद्रयान-१वरून मिळाला, आणि तो टिपणारे उपकरण अमेरिकेचे होते, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक आहे? २०१९ साली आपले पहिले ‘विक्रम’ आदळले, तेव्हाही हेच लोक दोन दिवस हळहळले आणि विसरले. ज्यांनी चुका मोजल्या, त्यांनी दुसरे ‘विक्रम’ उतरवले.

वाचकहो, भाऊबीजेला भाऊ नसलेली बहीण चंद्राला ओवाळते. यंदा ओवाळून झाल्यावर तबक खाली ठेवा आणि त्या बारीक कोरीकडे नीट पाहा. कोरीच्या कुशीत उरलेला गोल अंधुक दिसेल. तो उजेड पृथ्वीवरून परतून तिथे गेलेला असतो. पुढे अष्टमीला कुणाकडून दुर्बीण मागून आणा. खळग्यांच्या सावल्या पुनवेपेक्षा त्या दिवशी ठळक दिसतात. आणि घरातल्या पोराने “असे का?” म्हणून विचारले, तर त्याच्या हातावर करंजी ठेवून त्याला गप्प करू नका.