तो धडा वर्गातच शिकवायचा

मागच्या सत्रात दहावीच्या वर्गावरून जात होतो. आतून आवाज आला, "हा भाग तुम्ही घरी वाचून घ्या." पान होते स्त्रीच्या प्रजनन संस्थेच्या आकृतीचे. मी आत जाऊन काही बोललो नाही. कारण नवीन शिक्षक असताना हेच वाक्य मीही वर्गात बोललो आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, घर मात्र मराठी. लहानपणी ताई महिन्यातून चार दिवस बाजूला बसायची. विचारले की आजी म्हणायची, "तिला कावळा शिवला." मी ओटल्यावर बसून त्या कावळ्याची वाट पाहिली आहे! पुढे बी.एस्सी.ला 'आर्तव चक्र' हा प्रश्न आला. आकृती काढली, अंडाशय, डिंबवाहिनी, गर्भाशय अशी नावे घातली. पेपर देऊन सायकलवरून परत येताना एकदम लक्षात आले, की अरे, हे तर आपल्या ताईचेच! घरात कावळा, पुस्तकात आर्तव चक्र. दोन्ही एकच, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून येथे साध्या मराठीत लिहितो. ओटीपोटात मुठीएवढे, उलट्या नाशपातीसारखे गर्भाशय असते आणि त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये. पण हुकूम तेथून सुटत नाही, तो मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. ती एफएसएच नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते. त्यामुळे अंडाशयात अंड्याची पुटिका वाढते व इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होऊ लागते. ते पुरेसे वाढले की पीयूषिका एकदम एलएच सोडते आणि पिकलेले अंडे बाहेर पडते. मागे राहिलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन देऊन अस्तर सांभाळतो. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर गळून पडते. हीच पाळी. ज्याला आपण घाण समजतो, ते बाळासाठी घातलेले अंथरूण असते. रक्त जाते तेही एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलीलिटर.

आता २८ दिवसांचे. पुस्तकात हा आकडा असतो आणि मुली तो नियम समजून कॅलेंडर बघत घाबरतात. ती सरासरी आहे. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर पडू शकते, पहिली दोन-तीन वर्षे तर चक्र बसायलाच लागतात. परीक्षेचा ताण किंवा बारीक होण्यासाठी केलेली उपासमार यांनीही पाळी लांबते, कारण हुकूम मेंदूकडचा. मात्र तीन महिने आलीच नाही, किंवा तासातासाला पॅड बदलावे लागले, तर डॉक्टरांकडे जावे. आयांना आणखी एक विनंती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. डब्यात पालेभाजी, चणे, गूळ-शेंगदाणे पाठवत जा.

एका पालकांची चिठ्ठी आली आहे, "मुलग्यांसमोर हे शिकवू नये." भावना समजते. पण ओटल्यावर कावळा शोधणारा मुलगाच होता. वर्गात मुलीच्या कपड्यावर डाग दिसला की हसणारेही तेच असतात, ज्यांना कोणी काही सांगितलेले नसते. विश्वस्त मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की हे आपल्या मराठी संस्कारात बसत नाही. नम्रपणे आठवण देतो, की र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली मराठीतच सुरू केले होते. त्यांना त्रास झाला, पण १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. आपण तर फक्त पाठ्यपुस्तकातले एक पान शिकवणार आहोत.

तर या सत्रात हा धडा मुले-मुली एकत्र बसून शिकतील. विज्ञानाच्या बाई आणि मी, दोघे मिळून घेऊ. ज्या पालकांना बघायचे असेल त्यांनी खुशाल मागच्या बाकावर येऊन बसावे. विश्वस्तांकडे मागणी लहान आहे. मुलींच्या प्रसाधनगृहात झाकणाची कचरापेटी, आणि दाराला आतून नीट लागणारी कडी. कडीचा अर्ज मी मागेही दिला होता.

वर्गात शंकापेटी ठेवली आहे, नाव लिहायची गरज नाही. पहिली चिठ्ठी निघाली ती एका मुलाची: "बहिणीचे पोट दुखते तेव्हा मी काय करू?" बेटा, अस्तर बाहेर टाकताना गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून दुखते. गरम पाण्याची पिशवी भरून दे, आणि त्या दिवशी पाण्याची बादली तू उचल. दर महिन्याला शाळा बुडेल इतके दुखत असेल, तर आईला सांगून तिला डॉक्टरांना दाखवायला लाव.