'स्थानिक ग्रामस्थ' म्हणजे कोण?

पावसाळा लागला की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या नावाने एक ठराविक बातमी छापून येते. मुंबई-ठाण्याहून आलेला तरुणांचा गट माहुलीवर वाट चुकला, नाणेघाट उतरताना अंधार पडला, गोरखगडाच्या कातळावर कुणाचा पाय घसरला, ओढ्याला पाणी चढले आणि दहा-बारा जण पलीकडे अडकून पडले. पोलीस आले, बचाव पथक आले, पहाटेपर्यंत सारे सुखरूप खाली उतरले. बातमीच्या अगदी शेवटी एक ओळ असते : 'स्थानिक ग्रामस्थांनीही मदत केली.' आम्हाला आज बोलायचे आहे ते या शेवटच्या ओळीबद्दल.

हे 'स्थानिक ग्रामस्थ' कोण असतात? प्रस्थापित वृत्तपत्रांना त्यांचे नाव-गाव विचारावेसे वाटत नाही, म्हणून आम्ही सांगतो. ते ठाकूर असतात, कातकरी असतात, महादेव कोळी असतात. रात्री टोकावड्याच्या किंवा किन्हवलीच्या पोलीस ठाण्यातून पोलीस पाटलाला फोन जातो, पोलीस पाटील वाडीवर निरोप धाडतो आणि दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून आलेला माणूस हातात बॅटरी घेऊन, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन डोंगराला लागतो. पथकाची गाडी कल्याणहून पायथ्याला पोहोचेपर्यंत तो अर्धा डोंगर चढलेला असतो. कोणत्या घळीत माणूस अडकू शकतो, कोणत्या ओढ्याचे पाणी किती वेळात ओसरते, आवाज कुठल्या कड्यावरून कुठे घुमतो हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी त्याची मजुरी बुडते. तो पडला, त्याला साप चावला, तर त्याच्या पोराबाळांचे काय याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डोंगरात जाणाऱ्यांवर आमचा राग नाही आणि बचावासाठी धावणाऱ्या गिर्यारोहकांवर तर मुळीच नाही. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या साखळीतले स्वयंसेवक आपली नोकरी-धंदा सांभाळून, पदरचा खर्च करून धावतात. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण मरण पावले, तेव्हा दरीतून मृतदेह वर काढणारे हात महाबळेश्वर-पोलादपूरच्या अशाच ट्रेकर्सचे होते. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. आमचा सवाल शासनाला आहे. जे काम शासनाचे आहे ते एका बाजूला हौशी स्वयंसेवकांच्या आणि दुसऱ्या बाजूला बिनपगारी आदिवासींच्या खांद्यावर टाकून हे शासन किती वर्षे मोकळे राहणार?

आणि खांद्याचाच विषय निघाला आहे तर झोळीचेही बोलू. याच दोन तालुक्यांतल्या पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. १०८ नंबरची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते आहे, पण ती डांबरापर्यंतच धावते. पुढचे दोन-चार कोस माणसाच्या खांद्यावर. शहरातला मुलगा डोंगरात पाय मोडून पडला तर रात्रीतून यंत्रणा हलते, कॅमेरे पोहोचतात, आणि ते हललेच पाहिजे, त्यात चूक काही नाही. पण त्याला ज्यांनी झोळी करून खाली आणले, त्यांच्या बहिणीला वेणा सुटतात तेव्हा तीच झोळी असते, तेच खांदे असतात, फक्त यंत्रणा नसते. डोंगर एक, वाट एक, मग जिवाची किंमत दोन का?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, माणसांना हाताने माती उपसावी लागली, बचावासाठी चढताना अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता ठरवून चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. इर्शाळगड हा ट्रेकर्सचा आवडता गड. शेकडो लोक दरवर्षी त्या वाडीतून वर गेले, पण वाडीला रस्ता असावा असे सरकारला दरड कोसळेपर्यंत वाटले नाही.

डोंगरात जाण्याची तयारी म्हणजे काय, हे आमच्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. १९०१ साली मसूर स्टेशनावरून वडिलांच्या कामाच्या गावी बैलगाडीने निघालेल्या लहानग्या भीमरावांजवळ आणि त्यांच्या भावंडांजवळ शिदोरी भरपूर होती, पाणी मात्र रात्रभर मिळाले नाही. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. दारातल्या तळ्यावर धुळीने भरलेले हातपाय धुतले म्हणून तळे बाटवल्याचा गिल्ला झाला, आणि आत गेल्यावर कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई देण्यात आला. किल्ला पाहायला गेलेल्या माणसाने पाण्याची बाटली बरोबर घ्यावी, एवढ्याने ज्यांचे भागते ते भाग्यवान.

त्याच्या उलट इतिहास नाणेघाटात कोरलेला आहे. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळात जुन्नरला कल्याण-सोपाऱ्याशी जोडणारा राजमार्ग होती. राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख सगळे पाहतात, फोटो काढतात. पण तिथेच पाण्याच्या टाक्यावर एक लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले, एवढाच त्याचा आशय. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतही अशा पोढ्यांची दाने कोरलेली आहेत. वाटसरूला घाटमाथ्यावर पाणी मिळाले पाहिजे, ही व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वी या मातीत होती. विहिगावच्या धबधब्याला लोक 'अशोका' म्हणतात ते एका हिंदी सिनेमामुळे. ज्या सम्राटाने रस्त्याकडेला विहिरी खोदवल्या त्याचे नाव धबधब्याला मिळाले, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तानसा शहापूरचा, भातसा शहापूरची. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसाचे. तहानेने बेजार झालेला ट्रेकर वाडीत येऊन पाणी मागतो, तेव्हा कातकरी बाई जो तांब्या पुढे करते, त्यातले पाणी तिने डोक्यावरून वाहून आणलेले असते. बरोबर तीन लिटर पाणी न्या, असे आम्ही ट्रेकर्सना सांगतो ते त्यांच्या जिवासाठी आणि तिच्या हंड्यासाठीही.

आता शासनाचा उपाय पाहा. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. धबधब्यांवर जाऊ नका, पाण्यात उतरू नका. धोक्याच्या दिवशी, धोक्याच्या जागी बंदी हवीच. पण सरसकट बंदी म्हणजे काही न करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग. पोलीस नाक्यावर उभे, पोरे आडवाटेने वर, आणि आडवाटेनेच वाट चुकते. बंदीचा खरा मार बसतो तो पायथ्याला भाकरी-पिठले करून विकणाऱ्या बाईला आणि वाट दाखवून चार पैसे मिळवणाऱ्या पोराला. दिवाळीनंतर याच वाड्यांतली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्याचे चार महिने घरी असतात, तेवढ्यातच त्यांच्या हाती काही पडायचे, तर नेमकी तेव्हाच बंदी.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणले. सहली नेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली, सुरक्षेचे नियम घातले. कागद चांगला आहे. पण रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनावर उतरून पाहा. माणशी पैसे घेऊन पन्नास-पन्नास जणांचे कळप माहुलीला नेणारे किती जण नोंदणी दाखवतील? त्यांच्याकडे दोर असतो का, प्रथमोपचाराची पेटी असते का, मागे राहिलेल्या माणसासाठी शेवटी चालणारा वाटाड्या असतो का? माणशी पैसे घेणाऱ्याने माणूस हरवल्यावर शोधाचा खर्च का देऊ नये?

केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे. २०२१ मध्ये ती ३५० जिल्ह्यांत वाढवून एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्य आणि विमा देण्याचे ठरले. ही योजना ज्यांच्यासाठी असायला हवी ते माहुलीच्या, आजोबाच्या, गोरखगडाच्या, सिद्धगडाच्या पायथ्याला आजच काम करत आहेत, विम्याशिवाय. डोंगराचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांना हवे आहे ते दोर, स्ट्रेचर, चांगल्या बॅटऱ्या, बिनतारी यंत्र, प्रत्येक हाकेचे मानधन आणि अपघाताची भरपाई. एका घोषणाफलकाच्या खर्चात एका वाडीची पेटी होईल. आणि दोर-स्ट्रेचर वाडीत असेल तर ते बाळंतिणीलाही उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या तरुणांनाही दोन शब्द. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याणच्या वस्त्यांतली आमची मुले आता लेणी आणि किल्ले पाहायला निघतात, याचा आम्हाला आनंद आहे. बुद्धाची लेणी आपली आहेत, डोंगरही आपले आहेत. पण घरी जाण्याची वाट आणि परतीची वेळ सांगून निघा. दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे वळा, कारण गर्द झाडीत संध्याकाळ लवकर होते. ओढ्याला पाणी चढले तर ओलांडू नका, पाऊस थांबल्यावर ते उतरते. वाट चुकली असे वाटले की भटकत राहू नका, एका जागी बसा, मोबाइलची बॅटरी वाचवा, ११२ लावा. वाडीतला वाटाड्या घ्या आणि त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. आणि समता सैनिक दलाच्या शाखांनी कवायतीबरोबर प्रथमोपचाराचे आणि दोराचे शिक्षण सुरू केले तर पुरात आणि दरडीत आपल्या वस्त्यांनाच त्याचा पहिला उपयोग होईल.

शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला स्वतःचा आवाज दिलेला आहे. पायथ्याच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने आपल्या बचावकर्त्यांची नावानिशी यादी करून, मानधन, विमा, साहित्य आणि पाड्यापर्यंतचा रस्ता यांची मागणी करणारा ठराव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावा. त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. ठराव लिहून देणे, तो तहसील कचेरीत दाखल करून पोच घेणे, हे काम त्या त्या भागातील आमच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या पावसाळ्याच्या आत करावे.