चौकटीबाहेरचा विक्रेता

व्यसनाधीन माणसाचे छायाचित्र काढणे फारसे अवघड नसते. दंडात खुपसलेली सुई, खोल गेलेले डोळे, अस्ताव्यस्त खोली. एवढे टिपले की पाहणाराचे काळीज हलते आणि छायाचित्रकाराच्या धैर्याची वाहवा होते. व्यसनातून सावरणाऱ्या माणसाचे छायाचित्र मात्र कठीण. सावरणे ही संथ, कंटाळवाणी गोष्ट आहे. खिडकीपाशी चहाचा पेला धरून बसलेला माणूस कालच्यापेक्षा आज बरा आहे, हे कॅमेऱ्याने दाखवावे कसे? म्हणूनच या विषयावरच्या गाजलेल्या संग्रहांत व्यसन ठळक आणि सुटका पुसट दिसते.

अमेरिकेतील लॅरी क्लार्क यांचा 'टल्सा' हा १९७१ सालचा संग्रह त्यांच्या स्वतःच्या मित्रमंडळींचा होता आणि तेही त्याच सुईचे बळी होते. परक्याने डोकावल्याचा दोष निदान त्यांना देता येत नाही. यूजीन रिचर्ड्स यांच्या 'कोकेन ट्रू, कोकेन ब्लू' (१९९४) या पुस्तकाची गोष्ट निराळी. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील दरिद्री वस्त्यांत हिंडून त्यांनी ही चित्रे घेतली. त्यांच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पुस्तकावर आक्षेप आला, आणि तो रास्त होता : कोकेन घेणारे गोरे अमेरिकेत काही कमी नाहीत, परंतु पुस्तकात दिसतात ते बहुतांशी काळे आणि गरीब. गरिबाच्या दाराला कडी नसते, कॅमेरा सहज आत शिरतो. श्रीमंताचे व्यसन खाजगी रुग्णालयाच्या भिंतीआड उपचार घेत असते.

पण याहून मोठी उणीव अशी की, या सर्व चित्रांत केवळ मागणी दिसते, पुरवठा दिसत नाही. किंमत वाढली तरी ज्याची मागणी घटत नाही असे गिऱ्हाईक हे कोणत्याही व्यापाऱ्याचे स्वप्न असते. व्यसन तसे गिऱ्हाईक घडवते. त्या घडवण्यातून नफा कोणाच्या खिशात गेला, हे सुईच्या चित्रात कुठेच उमटत नाही; पाहणारा हळहळतो आणि दोष माणसाच्या दुबळेपणाला देऊन मोकळा होतो.

ही चौकट मोडली ती नॅन गोल्डिन यांनी. १९८८ साली त्या व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात दाखल झाल्या. तोवर त्यांची चित्रे रात्रीची, फ्लॅशच्या झगझगाटातली. सावरताना त्यांनी स्वतःचाच चेहरा पुनःपुन्हा टिपला, आणि त्या चित्रांत दिवसाचा उजेड आला. सुटकेचे इतके प्रामाणिक चित्रण विरळा. पुढे २०१४ साली शस्त्रक्रियेनिमित्त त्यांना ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी देण्यात आली आणि त्या पुन्हा गुरफटल्या. त्यातून सुटल्यावर मात्र त्यांनी कॅमेऱ्याची दिशा वळवली. गोळी पर्ड्यू फार्मा या कंपनीची. कंपनी सॅकलर कुटुंबाची. आणि या कुटुंबाचे नाव जगभरच्या संग्रहालयांच्या दालनांवर कोरलेले! सवय लागण्याच्या धोक्याविषयी दिशाभूल करून माल खपवल्याचा गुन्हा कंपनीने २००७ साली कबूल केला, सुमारे ६० कोटी डॉलर भरले आणि विक्री चालू ठेवली. २०२० साली पुन्हा फौजदारी गुन्हे कबूल केले. मालकांपैकी तुरुंगात कोणी गेले नाही.

१० मार्च २०१८ रोजी गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील सॅकलर दालनात, तेथील पाण्याच्या कुंडात, औषधाच्या रिकाम्या बाटल्या फेकल्या. २०१९ साली लूव्रने आणि २०२१ साली मेट्रोपॉलिटनने ते नाव उतरवले. पैसा कलेच्या आश्रयाने प्रतिष्ठा विकत घेत होता; एका सावरलेल्या बाईने तो सौदा उघडा पाडला.

महाराष्ट्राने गर्दुल्ल्यांचे जग ओळखले ते प्रामुख्याने अनिल अवचटांच्या लेखणीतून. १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले त्यामागे ते लेखन होते. लेखणीला एक सोय असते : नाव बदलता येते. छायाचित्रात चेहरा राहतो. उपचाराच्या दिवसांत कृतज्ञतेपोटी दिलेली संमती पाच वर्षांनी, नोकरी मागताना किंवा मुलीचे लग्न जुळवताना, त्या माणसाला जाचू शकते. तेव्हा अशी चित्रे घेणाराने ती मागे घेण्याचा हक्क चित्रातल्या माणसाला दिला पाहिजे. कलावंताला हे रुचणार नाही; न रुचो.

आपल्याकडे व्यसनमुक्तीची प्रदर्शने शाळाशाळांतून भरतात. कुजलेली फुप्फुसे, रडणारी बायको, तिरडी. २००७ साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाची योजना आणली, तिच्याविरुद्ध कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते. त्या कारखान्यांची धुराडी, त्यांचे परवाने, राज्याला दारूपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचे अंदाजपत्रकातले पान, हे सारे उघड उपलब्ध आहे. पुढच्या प्रदर्शनात तिरडीशेजारच्या खिळ्यावर ते टांगायला कोणाची परवानगी लागत नाही.