उसनी श्रीमंती आणि साखळीचा धंदा

रविवारी सकाळी तालुक्याच्या गावातील एखाद्या मंगल कार्यालयात कोट-टाय घातलेला तरुण पडद्यावर चित्रे दाखवीत असतो. परदेशी मोटार, समुद्रकाठचे हॉटेल, विमानतळावर उभे असलेले हसरे जोडपे, लाखांच्या आकड्याचा चेक. समोर बसलेल्यांत कंत्राटी कामगार असतात, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक असतात, पदवी घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारी मुले असतात, घरखर्चाला हातभार लावू पाहणाऱ्या गृहिणी असतात. साबणाचा किंवा टॉनिकच्या गोळ्यांचा उल्लेख होतो, पण ओझरता. दोन तासांच्या कार्यक्रमात खरोखर विकायला काढलेली वस्तू एकच असते : वक्त्याची श्रीमंती. 'नेटवर्क मार्केटिंग' या भारदस्त नावाने चालणाऱ्या बहुस्तरीय विक्रीतील हे प्रदर्शन बहुधा वक्त्याचा उथळपणा किंवा नवश्रीमंताची हौस म्हणून हसण्यावारी नेले जाते. वस्तुतः हे प्रदर्शन म्हणजेच त्या धंद्याचे भांडवल होय.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाईन व्हेब्लेन याने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला. धनिक माणूस आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी इतरांच्या डोळ्यांत भरेल असा खर्च करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात संपत्ती आधी आणि प्रदर्शन नंतर, असा क्रम गृहीत होता. साखळीच्या धंद्याने हा क्रम उलटा केला आहे. येथे प्रदर्शन आधी मांडायचे आणि त्याला भुलून येणाऱ्यांच्या पैशातून संपत्ती उभी राहील, अशी आशा धरायची. ऋण काढून सण करू नये, असे ज्या समाजात आजवर सांगितले गेले, त्यालाच आता ऋण काढून केलेला सण ही गुंतवणूक असल्याचे शिकवले जात आहे.

हा निव्वळ तर्क नव्हे. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांच्या सांध्यावर अमेरिकेत ग्लेन टर्नर याने 'डेअर टू बी ग्रेट' नावाची योजना चालवली होती. आत्मविकासाच्या ध्वनिफिती आणि व्याख्याने हे तिचे बाह्य रूप. तिच्या सर्वांत महाग प्रकाराची किंमत होती ५,००० डॉलर. तेवढे भरणाऱ्यास तीच योजना इतरांना विकवून दलाली मिळवण्याचा हक्क प्राप्त होई. १९७३ साली तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने या प्रकरणी दिलेल्या निकालात योजनेची कार्यपद्धती तपशीलवार नोंदलेली आहे. यश मिळेपर्यंत यश मिळाल्याचे सोंग करा, ही सदस्यांना दिली जाणारी शिकवण होती. महागडे कपडे घालावेत, शक्यतो कॅडिलॅक मोटार बाळगावी, चारचौघांत नोटा दिसू द्याव्यात. योजनेच्या मेळाव्यांना न्यायालयाने जुन्या धर्मप्रचारी सभांची उपमा दिली. फरक इतकाच की तेथे मोक्षाऐवजी सहज मिळणाऱ्या पैशाचा महिमा गायिला जाई. अर्धशतक लोटले. कॅडिलॅकच्या जागी भाड्याने आणलेली मोटार आली, नोटांच्या जागी मोबाईलवरील छायाचित्र आले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हेमा या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा महाविद्यालयीन तरुणांना मोटारी, खाजगी विमाने आणि नौका यांच्या चित्रांनी भुलवले जाते, हाच आरोप त्यात होता.

सोंगाची ही गरज का पडते, याचे उत्तर गणितात आहे. प्रत्येकाने सहा माणसे आणावीत, त्या सहांनी प्रत्येकी सहा आणावीत, हे 'प्लॅन' सांगणाऱ्याचे आवडते उदाहरण. कागदावर ते सुबक दिसते. दहाव्या पायरीवर ६ कोटी ४ लाख माणसे लागतात. अकराव्या पायरीवर ३६ कोटी २७ लाख लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार तान्ह्या मुलांसह साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी माणसे हवीत, म्हणजे पृथ्वीच पुरत नाही. साखळी इतकी वाढतच नाही, ती मध्येच तुटते, असा खुलासा यावर केला जातो. तो खरा आहे. पण त्याने दोष धुऊन निघत नाही. साखळी तिसऱ्या पायरीवर तुटो वा दहाव्या, तिच्यातील दर सहा माणसांपैकी सुमारे पाच नेहमी शेवटच्या पायरीवरच उभी असतात आणि त्यांच्या खाली कोणीही नसते. हे प्रमाण आळसामुळे ठरत नाही, ते आकृतीतच आहे. सहांपैकी पाचांचे रिकामे हात ज्या व्यवस्थेत अटळ आहेत, तिला टिकायचे तर उरलेल्या एकाकडेच सर्वांच्या नजरा खिळवून ठेवाव्या लागतात. मंचावरील मोटारीचे काम ते हेच. मोटारीकडे पाहणारा माणूस पायऱ्या मोजत नाही.

प्रत्यक्ष कमाईचे आकडे या गणिताला पुष्टी देतात. फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये बहुस्तरीय विक्री कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या ७० उत्पन्न-विवरणांचा अभ्यास मांडला. बहुसंख्य सदस्यांची वर्षाची कमाई १,००० डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरांच्या आत होती. किमान १७ कंपन्यांमध्ये बहुसंख्यांना एक छदामही मिळाला नव्हता. शिवाय बहुतेक विवरणांत सदस्याने पदरचा केलेला खर्च वजा केलेलाच नव्हता. मालाचा साठा, मेळाव्याचे तिकीट, प्रवास आणि कपडे यांचे पैसे वजा केले, तर त्या तुटपुंज्या कमाईचेही अनेकांच्या बाबतीत नुकसानीत रूपांतर होईल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही स्थिती आहे.

भारतातही हे चित्र सरकारी कागदावर आले आहे. सक्तवसुली संचालनालयाने एप्रिल २०२२ मध्ये ॲमवे इंडियाची ७५७ कोटी ७७ लाख रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. कंपनीचा सारा भर मालावर नसून सदस्य झाल्याने श्रीमंत कसे होता येते हे सांगण्यावर आहे आणि प्रवर्तक मोठमोठे मेळावे भरवून, ऐषारामी राहणीचे प्रदर्शन मांडून लोकांना ओढतात, असे संचालनालयाने त्या वेळी नमूद केले. हे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. अंतिम निवाडा न्यायालयाचा. परंतु याच समूहाच्या मूळ कंपनीचा अमेरिकेतील इतिहास बोलका आहे. १९७९ साली तेथील कमिशनने तिला पिरॅमिड ठरवण्यास नकार दिला, मात्र कमाईविषयी दिशाभूल करण्यास मनाई केली. ती मनाई मोडल्याच्या आरोपावरून १९८६ मध्ये कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागले. व्यवसायाला वैधतेचे प्रशस्तिपत्र मिळाल्यानंतरही फुगवलेल्या कमाईचा मोह सुटला नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

या धंद्याच्या समर्थकांचे दोन युक्तिवाद आहेत. पहिला असा की, माल खरा आहे, मग फसवणूक कोठे? मालाच्या खरेपणाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. घरोघर जाऊन चांगली वस्तू विकणे हा प्रामाणिक कष्टाचा मार्ग आहे. प्रश्न आहे तो पैसा कोठून येतो याचा. साखळीबाहेरचा ग्राहक गरजेपोटी वस्तू घेत असेल, तर तो व्यापार. नव्या सदस्याने साखळीत शिरण्यासाठी वा पद टिकवण्यासाठी घेतलेला माल हाच विक्रीचा मुख्य भाग असेल, तर तो व्यापाराचा मुखवटा. दुसरा युक्तिवाद कष्टाचा : जो मेहनत करतो, तो वर जातो. टर्नर प्रकरणात न्यायालयाने नेमके हेच तपासले आणि सदस्याच्या धडपडीपेक्षा योजना चालवणाऱ्यांचे प्रयत्नच निर्णायक असल्याचा निष्कर्ष काढला. गिरणीतल्या कामगाराच्या घामातून निदान कापड निघते. येथे घाम गाळून निघते ते फक्त पुढचे गिऱ्हाईक.

या दुसऱ्या युक्तिवादात खरे विष आहे. अपयश हे रचनेचे नसून तुझे आहे. तू पुरेसा विश्वास ठेवला नाहीस, तू नकारात्मक माणसांत राहिलास, असे हरलेल्याला सांगितले जाते. नोकरी न मिळण्याचे कारण अर्थव्यवस्थेत शोधायला निघालेला तरुण तीन महिन्यांत ते स्वतःच्या स्वभावात शोधू लागतो. आणि ज्यांच्याकडे संकटात धाव घ्यायची, त्या मामा, मावशी, शेजारी आणि सहकारी यांनाच त्याने गिऱ्हाईक केलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला जिव्हाळा अशा रीतीने गहाण पडतो. ज्याने कर्ज काढून कोट शिवला, त्याला तो उतरवणेही कठीण जाते; कारण उद्या सत्य बोलला, तर काल त्याच्या शब्दावर आलेले चार जण त्याच्याकडेच पैसे मागतील. म्हणून हरलेलाही हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र लावत राहतो आणि फसलेल्याच्या हातूनच पुढच्याला फसवले जाते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या १९७५ च्या शिफारशींनंतर १९७८ साली बक्षीस चिट्स व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्या कायद्याने योजना चालवण्याबरोबरच तिचे सदस्य होण्यासही मनाई केली. त्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढताना बळी पडलेल्याला आपणच आरोपी ठरू, ही भीती वाटते. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी ठेवली गेली. कोट्यवधींच्या उलाढालीपुढे हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना आणि सदस्यत्वासाठी शुल्क घेण्याला बंदी केली. नियम चांगले आहेत. परंतु शुल्काच्या जागी मालाची पेटी गळ्यात मारली, की ते कागदावरच राहतात.

येथे कार्यकर्त्यांची जबाबदारी सुरू होते. अशा सभांना जाणाऱ्यांची टिंगल करणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. ते लोभी म्हणून जात नाहीत, बहुतेक जण अगतिक म्हणून जातात. आणि त्यांच्यात चळवळीतील माणसेही असतात, कारण ज्याच्या शब्दाला वस्तीत वजन आहे, तोच साखळीला सर्वाधिक हवा असतो. युवक मंडळाने, कामगार संघटनेने, महिला बचत गटाने 'प्लॅन' सांगायला येणाऱ्यास तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. मोटार कोणाच्या नावावर आहे आणि तिचा हप्ता किती? चेकचे छायाचित्र नको, खर्च वजा जाता वर्षाचे निव्वळ उत्पन्न दाखवणारे आयकर विवरणपत्र कोठे आहे? आणि साखळीबाहेरच्या किती ग्राहकांनी गेल्या महिन्यात हा माल पैसे देऊन घेतला? खऱ्या विक्रेत्याला या प्रश्नांनी अपमान वाटण्याचे कारण नाही.

याबरोबर शासनाकडे मागणीही केली पाहिजे. प्रत्येक कंपनीने सर्व सदस्यांची, शून्य कमाई करणाऱ्यांसह, उत्पन्नाची उतरंड दरवर्षी मराठीत छापून सभेच्या दारावर लावावी, अशी सक्ती हवी. तळच्या पायरीवरील तक्रारदाराला आरोपी न करता साक्षीदार मानले जाईल, असे आश्वासन कायद्यात हवे. अर्थात बेकारी आणि तुटपुंजी मिळकत जोवर आहे, तोवर एक सभागृह बंद झाले तर दुसरे उघडेल. तरीही ज्या दिवशी वस्तीतला एक हरलेला माणूस कोट उतरवून 'मला काहीच मिळाले नाही' असे चारचौघांत सांगू शकेल आणि त्याला कोणी हसणार नाही, त्या दिवशी त्या वस्तीपुरती तरी साखळी तुटेल. असे बोलण्याचे धैर्य त्याला यावे इतका आधार संघटनेने दिला पाहिजे.