अठ्ठ्याऐंशी नंबरचा पुरावा

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून वर्ध्याला घरी गेलो होतो. बॅग खाली ठेवतोय तोच मावसबहीण लॅपटॉप घेऊन हजर. इथल्याच एका कॉलेजात एमडी करतेय. "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? मग हे नीट करून दे. सोमवारी थिसिस द्यायचाय."

झालं होतं असं. एकूण ८७ संदर्भ, सगळे हाताने टाइप केलेले. गाईड म्हणाले, नवव्या जागी आणखी एक घाला. मेडिकलवाल्यांच्या व्हँकुव्हर पद्धतीत जो संदर्भ आधी येईल तो १, पुढचा २. मध्ये एक घुसला की पुढचे सगळे एकेक घर सरकणार. बाईसाहेबांनी फाइंड-रिप्लेस लावलं. आधी ९ चे १०, मग १० चे ११, मग ११ चे १२... शेवटी नवव्यापासून पुढच्या प्रत्येक वाक्याला एकच पुरावा उरला, ८८! (शेवटाकडून सुरुवात केली असती तर वाचली असती. असो.)

पद्धत वाईट नाही हो. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि लेख कसा पाठवायचा याचे सामायिक नियम त्यांनी ठरवले. एका वाक्याला चार पुरावे असले तर चार नावं आणि चार सालं कंसात वाचण्यापेक्षा एक छोटा आकडा बरा. वाचणाऱ्याची लय तुटत नाही.

पण आमच्या भाषेत सांगायचं तर हा आकडा म्हणजे पॉइंटर. तो पत्ता सांगतो, घरात कोण राहतं ते सांगत नाही. कंसात नाव आणि साल असलं की निदान "अरे, हे तर १९८० चं!" एवढं तरी खटकतं. २३ हा आकडा कुणाला खटकणार?

जुन्या प्रिंटआउटवरून आकडे परत लावताना मी म्हटलं, आलोच आहोत तर एकेक पेपर उघडून बघू. २३ नंबरच्या वाक्यात लिहिलं होतं, भारतातल्या निम्म्या आरोग्य कर्मचाऱ्यांना टीबी असतो. पेपर उघडला तर तो आमच्या शेजारच्या सेवाग्रामचा निघाला! २००५ साली 'जामा'त आलेला. तिथल्या रुग्णालयातले ७२६ कर्मचारी आणि विद्यार्थी तपासले. दोनपैकी निदान एका चाचणीत ३६० जण पॉझिटिव्ह. म्हणजे शरीरात सुप्त संसर्ग, आजार नव्हे. आणि एका रुग्णालयातले लोक, अख्खा भारत नव्हे. बहिणीने ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून आकड्यासकट उचललं होतं. सेवाग्राम घरापासून आठ किलोमीटर, पण पेपर काही उघडला नव्हता.

हसण्यावारी नेऊ नका. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गीय औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. २०१७ साली कुणीतरी मोजलं. त्या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही व्यसन लागत नाही, असा समज पसरायला त्या छोट्या आकड्याने हातभार लावला. अमेरिकेत पुढे काय झालं ते आपण वाचलंच आहे.

म्हणून माझं मत साधं आहे. आकडे लावणं हे यंत्राचं काम. झोटेरो फुकट मिळतं, ते पहिल्या वर्षीच शिकवा. आणि गाईड मंडळींनी स्वल्पविराम तपासण्याऐवजी कुठलेही पाच आकडे निवडून विचारावं, "यात काय लिहिलंय?" आता तर एआय अस्तित्वातच नसलेले पेपर अगदी शुद्ध व्हँकुव्हर पद्धतीत लिहून देतो. नुसता स्वल्पविराम बघून कोण पकडणार?

सोमवारचा थिसिस गुरुवारी गेला. ८८ पैकी ११ वाक्यं बदलावी लागली, दोन तर काढूनच टाकली. बहीण अजून माझ्यावर थोडी चिडलेली आहे. पण २३ नंबर विचारा, पाठ आहे तिला.