धूर दिसतो, पाणी दिसत नाही

पावसाळा सरत आला की आमच्या पुंडलिकनगरात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. नळाला पाणी कधी येणार? आणि धुराची गाडी कधी येणार? गल्लीत कुणाला डेंग्यू झाल्याचं कळलं की दुसरा प्रश्न जास्त जोरात विचारला जातो. खरं तर दोन्ही प्रश्न एकच आहेत. पण तसं कुणी म्हणत नाही, म्हणून आज थोडं लिहितो.

धुराबद्दल लोकांत दोन तट आहेत. काही म्हणतात, रोज मारा. काही म्हणतात, हे विष आहे, बंदच करा; घरात दम्याचं माणूस आहे, तान्हं बाळ आहे. या दुसऱ्या मंडळींना भित्रं म्हणून उडवून लावू नये असं माझं मत आहे. मॅलॅथिऑनचा धूर करायचा तर प्रमाण असतं एक लिटर औषधाला एकोणीस लिटर डिझेल. म्हणजे आपण ज्याला ‘औषध मारलं’ म्हणतो, त्यात वीसातले एकोणीस भाग डिझेलच! आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली मॅलॅथिऑन ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. एकदा धूर नाकात गेला म्हणून लगेच काही होतं असं नाही. पण गाडीमागे पळणाऱ्या पोरांना हाक मारून घरात घ्यायला हवं. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून रोज ते मशीन खांद्यावर वागवणाऱ्या माणसाचा विचार तर कुणीच करत नाही.

बरं, एवढं करून साधतं काय? धुरानं मरतो तो उडणारा डास. पाण्यातल्या अळीला धक्काही लागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि बराचसा घरातच, पडद्यामागे, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो. आणि गाडी आली की आपण काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो! साथ आली असेल, तर रुग्णाच्या घराच्या आसपास धूर करण्याला अर्थ आहे. एरवी तो मनाचं समाधान. पण धूर सगळ्यांना दिसतो, म्हणून मागणाऱ्यालाही बरं वाटतं आणि देणाऱ्यालाही.

डासाचा हिवतापाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी शोधला, तो सिकंदराबादला. तेव्हा आपलं गावही त्याच निजामाच्या राज्यात होतं. पुढे स्वतंत्र भारतानं १९५३ पासून डीडीटीची मोठी मोहीम काढली. घरोघर फवारणी व्हायची, भिंतीवर तारीख लिहून जायचे. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. १९६५ च्या सुमारास देशातले हिवतापाचे रुग्ण वर्षाला लाखभरावर आले. आणि १९७६ साली? चौसष्ट लाखांवर! डासांना डीडीटी पचू लागलं, हे त्याचं एक मोठं कारण. नुसत्या फवाऱ्यावर विसंबलं की काय होतं, ते आपण एकदा पाहिलेलं आहे.

आता पाण्याकडे येतो. एडिस अंडी घालतो ती साठवलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आणि पैठणला नाथसागर भरलेला असतानाही या शहरातल्या कितीतरी वसाहतींत वर्षानुवर्षं पाणी आलं ते आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा. म्हणजे दोन पाण्यांमधलं अंतर आणि डासाची एक पिढी, दोन्हींचा हिशेब तंतोतंत जुळतो! ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं आपल्याला सांगतात. सल्ला अगदी बरोबर आहे. पण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्या घरातली बाई भरलेला ड्रम कोणत्या जिवानं ओतून देईल? नव्या १६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. माझ्या मते शहरातली डास निर्मूलनाची सर्वांत मोठी योजना ती हीच.

तोवर आपण मागायचं काय? कोणतं औषध, कोणत्या दिवशी, किती वाजता मारणार हे आदल्या दिवशी घंटागाडीवरून सांगावं, म्हणजे दमेकरी आणि लेकुरवाळ्या सावध होतील. फवारणाऱ्याला मास्क आणि हातमोजे द्यावेत. घरोघरच्या ड्रममध्ये अळीनाशक अबेट टाकायला माणूस यावा, हौदांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडावेत. आणि आपणही ड्रमला घट्ट फडकं बांधावं. रिकामा झाला की आतून घासून काढावा, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

धुराची गाडी मागायला जरूर जा. पण त्याच अर्जात नळाच्या पाण्याचं नक्की वेळापत्रकही मागा, एवढंच माझं म्हणणं.