पत्रास कारण की...



जुन्या मराठी पत्राची एक ठरलेली रीत असे. आधी तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार किंवा चिरंजीवांना अनेक आशीर्वाद, मग ‘वि. वि.’, आणि मग ते शब्द येत: ‘पत्रास कारण की’. त्याआधीचे सारे रीतीचे, खरी गोष्ट त्याच्यापुढे. कुणाची जमीन गहाण पडलेली असे, कुणाचे लग्न मोडलेले असे, कुणी घर सोडून गेलेले असे. अशा पत्रातले ‘अनेक आशीर्वाद’ एवढेच कात्रीने कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावले आणि कारण वाचलेच नाही, तर लिहिणारा काय म्हणेल?

संत पौलाच्या पत्रांचे आपण हेच केले आहे. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांपैकी एकवीस पत्रे आहेत. त्यांच्यातून आपण कॅलेंडरवर छापण्याजोगी वचने वेचली, सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रावर टाकून पाठवण्याजोगी वाक्ये वेचली, आणि उरलेले पत्र बाजूला ठेवले. ही भक्ती नव्हे, ही सोय आहे, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. कापलेले वचन आपल्याला दिलासा देते. अखंड पत्र आपल्याला जाब विचारते. म्हणून तर आपल्याला वचन आवडते आणि पत्र आवडत नाही.

आमच्या बायबल गटात पत्रांची मांडणी, त्यांतला युक्तिवाद, पौलाची बोलण्याची ढब यांचा अभ्यास करू या असे म्हटले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की हे सेमिनरीत शिकणाऱ्यांचे काम, साध्या भाविकाला त्याचे काय? दुसरा असा की अभ्यासाने भक्ती आटते. दोन्हींचे उत्तर देतो. पण आधी आपण काय गमावतो ते पाहू.

दरवर्षी पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात दुसरे वाचन करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले असते, ओवी २३ ते २६. प्रभूने धरून दिला गेला त्या रात्री भाकर घेतली, आभार मानले, मोडली, ही ती ओळखीची हकिकत. वाचन संपते, आपण मनोभावे ‘देवाला धन्यवाद’ म्हणतो. पण पौल ही हकिकत का सांगत होता? या चार ओव्यांच्या आधी आणि नंतर काय आहे?

आधी आहे भांडण. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर. तिथे श्रद्धावंत कुणाच्या तरी घरी जमत आणि जेवणासोबतच प्रभुभोजन होई. ज्यांच्याकडे होते ते आपले घेऊन आधीच जेवून घेत. ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी राहत. एकीकडे कुणी पिऊन तर्र, दुसरीकडे कुणी रिकाम्या पोटी. गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकाने १९७० च्या दशकात दाखवून दिले की करिंथच्या या फुटीच्या मुळाशी श्रीमंत आणि गरीब यांच्यातले अंतर होते. मजूर आणि गुलाम काही आपल्या वेळेचे मालक नसत. ते काम आटोपून येईपर्यंत पाने उठलेली असणार.

आता पौलाची ढब पाहा. अकराव्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत तो त्यांची स्तुती करतो. सतराव्या ओवीत तोच शब्द उलटवतो आणि सांगतो की या बाबतीत स्तुती नाही, तुमच्या एकत्र येण्याने भल्यापेक्षा नुकसानच होते. मग बाविसाव्या ओवीत प्रश्नांवर प्रश्न. खायला-प्यायला तुम्हाला घरे नाहीत का? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना खाली मान घालायला लावता का? मी काय म्हणू, शाबासकी देऊ? हा रागावलेल्या बापाचा सूर आहे, आणि या रागाच्या ऐन भरात तो एकदम थांबून त्या रात्रीची गोष्ट सांगतो. का? कारण ज्याने स्वतःला मोडून वाटले त्याच्या मेजावर तुम्ही आपापले ताट झाकून बसला आहात, हे त्याला दाखवायचे आहे. ती हकिकत म्हणजे या खटल्यातला पुरावा आहे.

हेही ध्यानात घ्या की हे पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधी लिहिले गेले. अखेरच्या भोजनाची सर्वांत जुनी लेखी नोंद ती हीच. आणि ती आपल्यापर्यंत का पोचली? करिंथमधल्या गरिबांचा अपमान झाला म्हणून! पौलाचे ईश्वरविज्ञान एका बाजूला आणि त्याचा युक्तिवाद दुसऱ्या बाजूला असे करताच येत नाही. वाद काढून टाकला की सिद्धांताचे फक्त सुंदर शब्द उरतात.

आता नंतरच्या ओव्या. सत्ताविसाव्या ओवीत पौल अयोग्य रीतीने भाकर खाण्याविषयी इशारा देतो. हे एक वाक्य आपल्याकडे किती जणांच्या डोक्यात मारले गेले आहे! नवऱ्याने टाकलेली बाई, दारूच्या नादातून सुटू पाहणारा तरुण, फाटक्या कपड्यांमुळे मागच्या बाकावर बसणारे कुटुंब. ‘तू अयोग्य आहेस’ हे त्यांना पंचाने नव्हे, शेजाऱ्यानेच सुनावलेले असते. पण मूळ ग्रीक शब्द माणसाचे वर्णन करीत नाही, तो खाण्याची रीत सांगतो. आणि ती अयोग्य रीत कोणती, हे पौलाने नुकतेच सांगितले आहे: दुसऱ्याला उपाशी ठेवून खाणे. पुढे ‘शरीर’ न ओळखण्याचा दोष तो सांगतो. याच पत्रात दहाव्या अध्यायात एक भाकर म्हणून आपण एक शरीर, आणि बाराव्या अध्यायात दुबळे वाटणारे अवयवच अधिक गरजेचे, हे तोच शिकवतो. आणि ३३ व्या ओवीत सगळ्याचा शेवट कसा करतो? एकमेकांसाठी थांबा, असे सांगून. इतकी साधी आज्ञा! पण आपण धाक तेवढा उचलला आणि आज्ञा सोडून दिली.

गैरसमज नको. गंभीर पाप मनात असताना पापनिवेदन करून मगच ख्रिस्तशरीर स्वीकारावे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. आमचे भांडण त्या शिकवणुकीशी नाही, अर्धे पत्र वाचणाऱ्यांशी आहे. चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी याच उताऱ्यावर प्रवचन करताना मेजावर प्रभूचे रक्त चाखूनही आपल्या भावाला न ओळखणाऱ्यांना खडसावले होते. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने परिच्छेद १३९७ मध्ये त्याच प्रवचनाचा आधार घेऊन सांगितले आहे की ख्रिस्तप्रसाद आपल्याला गरिबांशी बांधून टाकतो. म्हणजे आम्ही काही नवे सांगत नाही. सर्वांत जुने तेच सांगतो.

दुसरे उदाहरण फिलेमोनच्या पत्राचे. अवघ्या २५ ओव्या. मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटे पुरतात. तरी किती जणांनी ते अखंड ऐकले आहे? तीन वर्षांच्या रविवारच्या वाचनक्रमात ते एकदाच येते, ‘क’ वर्षाच्या तेविसाव्या सामान्य रविवारी, आणि तेही ९, १० आणि १२ ते १७ एवढ्याच ओव्या. वाचनक्रमाला आम्ही दोष देत नाही. मिस्सात सगळे वाचणे शक्य नसते, ते वाचन घरी जाऊन पुढे वाचण्याचे आमंत्रण असते. आमंत्रणपत्रिका हातात घेऊन आपण लग्नालाच गेलो नाही, हा दोष आपला.

काय सुटते ते पाहा. अनेसिम हा गुलाम मालकापासून दुरावला आहे. कैदेतला पौल त्याला परत पाठवतो आहे आणि मालकाला पत्र देतो आहे. पत्र मालकाच्या नावाचे, पण पहिल्या दोन ओव्यांत अपफिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी सगळी मंडळी यांनाही ते उद्देशून आहे. म्हणजे फिलेमोनला हे पत्र एकट्याने वाचून खिशात घालता येणार नाही. अकराव्या ओवीत पौल अनेसिम या नावावर कोटी करतो. त्या नावाचा अर्थच ‘उपयोगी’. पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला आणि मला उपयोगी झाला आहे, असे तो हसत हसत म्हणतो. अठराव्या-एकोणिसाव्या ओवीत सांगतो की त्याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर मांड, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. आणि लगेच: तू तर स्वतःच माझा देणेकरी आहेस, हे मी बोलतच नाही! बोलत नाही म्हणून बोलून टाकायची ही तऱ्हा आपल्या आज्यांनाही छान येत असे. शेवटी बाविसाव्या ओवीत: माझ्यासाठी एक खोली तयार ठेव. म्हणजे मी येणार आहे, येऊन बघणार आहे.

आज्ञा करायचा अधिकार असताना तो प्रेमाने विनवतो, आणि विनवताना पळवाट एकही ठेवत नाही. गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून त्याला घे, असे तो सांगतो. आता इतिहास आठवा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी याच पत्राचा आधार घेतला. पौलाने गुलाम परत पाठवला ना, मग आपणही पळालेले परत पाठवू, असा त्यांचा दावा होता. त्यांनी पत्रातली घटना उचलली आणि पत्राचे म्हणणे फेकले. अर्धे वाचन किती माणसांच्या पाठीवर आसूड होऊन पडू शकते, हे त्यावरून समजावे.

आणि आपण? ख्रिस्ती वधूवरांच्या जाहिरातींत आजही जात छापली जाते. एकाच रांगेत ख्रिस्तशरीर घेणारे लोक सोयरिकीच्या वेळी रांगा बदलतात. सणाच्या जेवणात वाढपी, झाडूवाल्या, परगावाहून आलेले मजूर शेवटच्या पंगतीला, किंवा डबा घेऊन मागल्या दाराने. अंत्युखियात पेत्र गैरयहुद्यांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्या पत्राच्या आरंभी पौल नेहमीची आभारप्रार्थनाही करीत नाही. वडिलांच्या पत्रात ‘अनेक आशीर्वाद’ नसले की घरात सगळे चिडीचूप होत, तसे हे. पण हे ऐकू यायला पत्र पहिल्या ओळीपासून वाचावे लागते.

आता ते दोन आक्षेप. साध्या माणसाला हे झेपणार नाही? अहो, ही पत्रे लिहिली होती कुणासाठी? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी पौल बजावतो की हे सर्व बंधूंना वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत गुलाम होते, कारागीर होते, अक्षरओळख नसलेलेही असणार. अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला ओव्यांचे आकडे पडले ते १५५१ मध्ये. त्याआधीची हजारो माणसे आकड्यांशिवाय पत्र ऐकत होती. आणि आपल्या मराठी कानाला तर अखंड ऐकण्याची जुनी सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ते आपल्या पूर्वजांना वाचून दाखवले जाई. ज्यांच्या पणज्यांनी पुराण ऐकले त्यांना पंचवीस ओव्यांचे पत्र जड होते म्हणणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप, अभ्यासाने भक्ती आटते. यासाठी करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले वचन पुढे केले जाते की अक्षर मारते आणि आत्मा जिवंत करतो. पण तिसरा अध्याय उघडून पाहा. तिथे पौल दगडी पाट्यांवर कोरलेल्या नियमाची आणि हृदयावर लिहिलेल्या कराराची तुलना करतो आहे. वाचन करू नका, असे तो कुठेच म्हणत नाही. तुकडे करून वाचण्याचे समर्थन करायलाही तुकडाच लागला, हे आपल्या सवयीवरचे पुरेसे भाष्य आहे! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात सांगितले की लेखकाला काय म्हणायचे होते ते कळण्यासाठी त्याचा लेखनप्रकार ध्यानात घेतला पाहिजे. मग पत्राला पत्र म्हणून वाचणे ही विद्वानांची हौस नाही. ते आज्ञापालन आहे.

म्हणून आमची विनंती. येत्या महिन्यात प्रत्येक वाडीच्या समूहाने एका बैठकीत फिलेमोनचे पत्र मोठ्याने, न थांबता वाचावे. पुढच्या बैठकीत करिंथकरांस पहिल्या पत्राचे १० ते १२ हे अध्याय वाचावेत. मध्ये प्रवचन नको. संपल्यावर तीनच प्रश्न विचारावेत: कुणी लिहिले, कुणाला लिहिले, आणि पत्रास कारण काय? मग चौथा प्रश्न आपोआप येईल: तेच कारण आज आपल्या धर्मग्रामात कुठे आहे? त्याचे उत्तर वहीत लिहू नका. पुढच्या सणाला पंगत मांडताना द्या. ज्यांना यायला उशीर होतो त्यांच्यासाठी थांबा, आणि त्यांना शेजारी बसवा.

कळावे. प्रभूची कृपा आपल्या घरादारावर राहो.